‘उठवत नाही’ : गुडघेदुखीच्या प्रश्नावलीचे भाषिक परीक्षण

१

एखाद्या प्रदेशातील वृद्धांपैकी शेकडा किती जणांना गुडघ्यांच्या झिजेचा विकार आहे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आणि संख्याशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका प्रस्तुत लेखाचे शीर्षक पाहून कोणासही यावी. परंतु हा आकडा सिद्ध कसा होतो याचा मागोवा घेत गेल्यास त्याच्या मुळाशी एक संभाषण आढळते. कोणीतरी एका वृद्ध व्यक्तीला, कोणत्या तरी भाषेत, काही प्रश्न विचारलेले असतात. त्या व्यक्तीने आपल्या बोलीत काही उत्तर दिलेले असते. आणि ते उत्तर ठरावीक चौकटींपैकी एका चौकटीत बसवलेले असते. सहस्रावधी चौकटींची बेरीज म्हणजे तो आकडा. प्रश्न हे वाक्य आहे आणि उत्तर हेही वाक्यच आहे. तेव्हा त्या वाक्यांची रचना, त्यांतील शब्दांची अर्थव्याप्ती आणि ती वाक्ये ऐकणाऱ्याचा भाषिक व्यवहार यांचे परीक्षण करणे हा भाषाभ्यासाच्या कक्षेतीलच विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात गुडघ्यांच्या विकारासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीचे, एक संहिता या नात्याने, परीक्षण केले आहे. ती मराठीत, आणि त्यातही गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या भातशेतीच्या मुलखात नेताना काय घडते, हा विवेचनाचा मध्यवर्ती भाग आहे. तुलनेसाठी दोन ठिकाणची उदाहरणे घेतली आहेत: एक कोरियाचे आणि दुसरे पुणे जिल्ह्यातील भिगवणचे. कोरियाची निवड अकारण नाही. तेथेही जमिनीवर बसून जेवण्याची, काम करण्याची आणि निजण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली; तेथील आजची वृद्ध पिढी भातशेतीच्या कष्टांत वाढली; आणि तेथे या विकाराची मोजणी एकाहून अधिक पद्धतींनी झालेली असल्यामुळे मोजणीची पद्धत बदलताच आकडा कसा बदलतो हे स्पष्टपणे पाहता येते.

२

या विकाराची गणना करण्याचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिला मार्ग क्ष-किरण चित्राचा. केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली शून्य ते चार अशी श्रेणी आजही प्रमाण मानली जाते. दुसऱ्या किंवा त्यावरील श्रेणीचा गुडघा विकारग्रस्त समजतात. दुसरा मार्ग चित्रातील पुरावा आणि वेदना या दोहोंचा संयोग पाहण्याचा. तिसरा मार्ग सर्वांत सोपा, परंतु सर्वांत निसरडा आहे: “तुम्हांला हा विकार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे काय?” असे विचारण्याचा.

कोरियातील चुंचॉन येथे पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे ५०० व्यक्तींची जी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, तीत क्ष-किरण चित्रानुसार शेकडा ३७.३ व्यक्तींच्या गुडघ्यांत हा विकार आढळला. मात्र चित्रातील विकाराबरोबर वेदनाही असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २४.२ इतकेच भरले. पुढे २०१० ते २०१३ या काळातील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या सामग्रीवरून पन्नाशीपुढील कोरियन स्त्री-पुरुषांतील प्रमाण चित्रानुसार शेकडा ३५ च्या आसपास निघाले आणि स्त्रियांतील प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे दिसले.

यांतील पहिल्या दोन आकड्यांमधील अंतराकडे भाषाभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. चित्रात विकार असलेल्या दर तीन जणांपैकी सुमारे एक जण दुसऱ्या गणनेतून गळतो. तो गळतो कशामुळे? त्याचा गुडघा निरोगी ठरला म्हणून नव्हे. वेदनेविषयीच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर ‘होय’च्या चौकटीत बसले नाही म्हणून. अशा पाहण्यांतून हा प्रश्न बहुधा “महिन्यातील बहुतेक दिवस गुडघ्यात वेदना होती काय?” या स्वरूपाचा असतो. त्यातील ‘बहुतेक दिवस’ म्हणजे किती आणि ‘वेदना’ म्हणजे काय हे ज्याचे त्याने आपल्या भाषेतील संकेतांनुसार ठरवावयाचे असते. त्या गळलेल्यांपैकी काहींना खरोखरच वेदना नसेल. वैद्यकाला ही विसंगती सुपरिचित आहे. परंतु काहींची वेदना केवळ प्रश्नाच्या शब्दांत मावली नसण्याचा संभव उरतो, आणि हे दोन गट वेगळे करण्याचे साधन क्ष-किरणांपाशी नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग चित्रावरच विसंबावे. ते भाषानिरपेक्ष असते. हे अर्धसत्य आहे. चित्र भाषानिरपेक्ष असले तरी श्रेणी भाषानिरपेक्ष नाही. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणींमधील सीमारेषा हाडाच्या कडेची वाढ ‘संभाव्य’ आहे की ‘निश्चित’ आहे या दोन विशेषणांवर उभी आहे. चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञालाही अखेर शब्दच निवडावा लागतो.

३

महाराष्ट्राला या विषयात अभिमानास्पद म्हणावे असे एक स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ पासून चालवलेल्या कार्यक्रमाच्या अंतर्गत पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण या गावी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू झाली. पुण्याच्या संधिरोग केंद्राचे डॉ. अरविंद चोपडा हे तिचे सूत्रधार होते. ४०९२ प्रौढ व्यक्तींपैकी ७४६ व्यक्तींनी, म्हणजे शेकडा १८.२ जणांनी, हाडे, सांधे वा स्नायू यांच्या दुखण्याची तक्रार सांगितली. सांध्यांच्या झिजेच्या विकाराचे प्रमाण शेकडा ५.८ च्या घरात निघाले, तर खऱ्याखुऱ्या आमवाताचे शेकडा ०.५ इतके.

भिगवणचा ५.८ हा आकडा चुंचॉनच्या ३७.३ शेजारी ठेवून “आपल्याकडे हा विकार कोरियाच्या मानाने नगण्य आहे” असे अनुमान काढण्याचा मोह पदव्युत्तर विद्यार्थ्याला होऊ शकेल. ते अनुमान सर्वस्वी चुकीचे ठरेल. भिगवणच्या छेदस्थानी सर्व प्रौढ आहेत, चुंचॉनच्या छेदस्थानी केवळ पन्नाशीपुढील. भिगवणला गणना तक्रारीपासून आरंभ होऊन वैद्यकीय तपासणीकडे गेली. चुंचॉनला क्ष-किरणांनी तक्रार नसलेल्यांचेही गुडघे पाहिले. शिवाय भिगवणच्या आकड्यात केवळ गुडघाच मोजलेला नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी ग्राह्य आहेत. परंतु ते दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत.

भिगवणच्या पद्धतीतील एक गोष्ट मात्र भाषिक दृष्टीने फार मोलाची आहे. या कार्यक्रमाच्या प्रश्नपत्रिकेत मानवी देहाची बाह्याकृती छापलेली असते आणि दुखरी जागा तीवर दाखवावयाची असते. अवयवांच्या नावांत जो गोंधळ होतो तो येथे बहुतांशी टळतो. बोट शब्दाच्या पुढे जाते. शिवाय प्रश्न विचारणारे स्थानिक स्वयंसेवक होते. म्हणजे विचारणाऱ्याची आणि सांगणाऱ्याची बोली एकच होती. हा केवळ सोयीचा भाग नसून पद्धतीच्या शास्त्रशुद्धतेचा भाग आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

४

गोरेगावच्या परिसरात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि पूर्वेकडून आलेली छत्तीसगढी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा ठिकाणी ‘गुडघा’ हा शब्दही निर्विवाद राहत नाही. विदर्भात त्यासाठी ‘टोंगळा’ हा शब्द सर्वत्र रूढ आहे. जेथे बोलीत ळकाराचा रकार होतो तेथे त्याचा ‘टोंगरा’ होतो. छत्तीसगढीत गुडघ्याला ‘माड़ी’ म्हणतात, आणि मराठीत ‘मांडी’ म्हणजे गुडघ्याच्या वरचा भाग. दोन भाषा बोलणाऱ्या घरात या दोन शब्दांची गल्लत होणे अशक्य नाही. त्यात भर अशी की, मराठीतील ‘पाय’ हा शब्द कमरेपासून बोटांपर्यंत पसरलेला आहे. “पाय दुखतात” या वाक्यातून गुडघा, पोटरी, घोटा आणि तळवा यांतील काय दुखते याचा बोध होत नाही. कोरियन भाषेत सबंध पायासाठी आणि पावलासाठी दोन निराळे, रोजच्या वापरातील शब्द आहेत. तेथे हा संदेह इतका तीव्र होत नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘दुखणे’ या शब्दाचा आहे. मराठीत ते क्रियापद आहे आणि नामही आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ वेदना होणे. नाम म्हणून त्याचा अर्थ आजार. ‘मोठे दुखणे काढले’, ‘दुखणेकरी’, ‘दुखण्याला खिळला’ या प्रयोगांत अंथरूण धरायला लावणारा आजार अभिप्रेत असतो. आता एखाद्या पाहणीत “आजी, तुम्हांला काही दुखणे आहे काय?” असे विचारले तर “दुखणं नाही बाबा, टोंगळे दुखतात” असे उत्तर येणे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे. त्यात विसंगती मुळीच नाही. वृद्धेच्या लेखी टोंगळे दुखणे हे ‘दुखणे’ नव्हे. ते वय आहे. परंतु चौकटीत खूण मात्र ‘नाही’ वर पडते.

विकाराच्या नावांनी हा घोटाळा वाढवलेलाच आहे. परिभाषेत या विकारास ‘अस्थिसंधिशोथ’ म्हणतात. त्यातील ‘शोथ’ म्हणजे सूज वा दाह, आणि हे लक्षण या विकारात बहुधा दुय्यम असते. आयुर्वेदात ‘संधिगतवात’ आणि ‘आमवात’ यांत स्पष्ट भेद केला आहे. लोकव्यवहारात मात्र ‘संधिवात’ या एका शब्दात दोन्ही सामावतात आणि पुष्कळदा नुसते ‘वात’ म्हटले की काम भागते. दवाखान्यांतून आज सर्रास ऐकू येणारा शब्द ‘झीज’ हा आहे. तो सुबोध आहे, विकाराच्या स्वरूपाशी पुष्कळ अंशी जुळताही आहे. पण त्याची सूचकता पाहावी. जोते झिजते, जाते झिजते, चप्पल झिजते. झिजणे हा वापराचा स्वाभाविक परिणाम होय. त्यावर उपाय नसतो, तक्रार तर नसतेच. कोरियन भाषेत या विकाराचे रूढ नाव चिनी मूळ असलेल्या शब्दांनी घडले असून त्याचा अर्थ ‘ऱ्हासशील संधिदाह’ असा होतो. त्या नावात ऱ्हास असला तरी रोगाचा वाचक शब्दही आहे. मराठीतील ‘झीज’ या नावात रोग उरलेलाच नाही.

या पार्श्वभूमीवर तिसऱ्या मार्गाची, म्हणजे “डॉक्टरांनी सांगितले आहे काय?” या प्रश्नाची, मर्यादा उघड होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये चालवलेल्या वृद्धत्वविषयक देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढील व त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक व्यक्तींकडून माहिती घेण्यात आली. तीत जुनाट विकारांविषयी मुख्य प्रश्न डॉक्टरांनी केलेल्या निदानाचा होता. असा प्रश्न पाहणीकाराच्या दृष्टीने सोयीचा असतो, कारण त्यात उत्तरदात्याने स्वतः निदान करावयाचे नसते. परंतु जो मनुष्य झिजेला आजार मानत नाही तो डॉक्टरकडे त्यासाठी जात नाही. आणि जो गेलेला नाही त्याला कोणी काही सांगितलेलेही नसते. निदानावर आधारलेला आकडा विकाराबरोबरच दवाखान्याचे अंतर, पदरचा पैसा आणि शब्दाची अर्थच्छटा यांचीही मोजदाद करीत असतो.

५

आता मुख्य संहितेकडे वळू. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ आणि मॅकमास्टर या विद्यापीठांच्या आद्याक्षरांवरून ‘वोमॅक’ या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली निकोलस बेलामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार करून १९८८ साली प्रसिद्ध केली. तीत २४ प्रश्न आहेत: वेदनेचे ५, आखडलेपणाचे २ आणि शारीरिक व्यवहाराचे १७. प्रत्येकाला ‘मुळीच नाही’ पासून ‘पराकोटीचा’ पर्यंत पाच उत्तरे असून शून्य ते चार असे गुण दिले जातात. एकूण गुण ९६. विचारावयाची मुदत बहुधा मागील ४८ तासांची असते. रचनेच्या दृष्टीने ही संहिता आटोपशीर, सुसूत्र आणि प्रामाणिक आहे. रोग्याचे म्हणणे हा पुरावा मानला पाहिजे, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले. तिच्याविषयी पुढे जे लिहिले आहे ते हा गुण मान्य करूनच लिहिले आहे.

व्यवहाराच्या १७ प्रश्नांत जिना चढणे-उतरणे, खुर्चीवरून उठणे, मोटारीत बसणे व उतरणे, मोजे घालणे व काढणे, स्नानाच्या टबात शिरणे व बाहेर येणे, शौचकूपावर बसणे व उठणे अशा क्रिया येतात. त्यांतून उभे राहणारे घर कोणते आहे हे सांगण्यास फार विचार नको. खुर्ची, पलंग, टब आणि मोटार यांच्या उंचीवर जगणाऱ्या मनुष्याचे ते घर आहे. गोरेगाव तालुक्यातील वृद्धेचे आयुष्य याच्या वीत-दोन वीत खाली, जमिनीलगत, चालते. चुलीपुढे उकिडवे बसणे, भांडी घासणे, सारवणे, मांडी घालून जेवणे, विड्या वळण्यासाठी तासन् तास एका बैठकीत राहणे, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलात ओणवे होऊन बांधीत धानाचे पऱ्हे रोवणे, या क्रियांपैकी एकही मूळ यादीत नाही. टबाविषयीचा प्रश्न तिला विचारला तर तो कोरा राहील. मोज्यांविषयीच्या प्रश्नाला ती ‘त्रास नाही’ म्हणेल, आणि ते खरेही असेल. परंतु त्या शून्याने तिचे गुण कमी होतील आणि कागदावर तिचा गुडघा बरा ठरेल.

ही उणीव वैद्यकाच्या नजरेतून सुटलेली नाही. पुण्याच्या केंद्रानेच पुढे जी सुधारित आवृत्ती वापरली तीत भारतीय राहणीला अनुसरून मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांसारख्या क्रियांना स्थान मिळाले. कोरियन भाषेतील आवृत्तीही २००१ साली रीतसर तपासून प्रसिद्ध झाली आहे. चीनमधील पेकिंगच्या वृद्धांच्या पाहणीत तर पंचविशीच्या वयात रोज किती वेळ उकिडवे बसत होता असे विचारण्यात आले आणि दीर्घकाळ उकिडवे बसणे व गुडघ्यांचा हा विकार यांत संबंध असल्याचा निष्कर्ष २००४ साली मांडला गेला. म्हणजे क्रियांची यादी बदलावी लागते हे आता सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप याच्या पुढचा आहे. नामे बदलली गेली. क्रियापदाकडे कोणी पाहिले नाही.

६

मूळ प्रश्नाचा साचा असा आहे: “अमुक क्रिया करताना तुम्हांला किती अडचण येते?” आणि उत्तरे: ‘नाही’, ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’, ‘अतितीव्र’. व्याकरणदृष्ट्या यांत वावगे काही नाही. पण ‘सौम्य’ आणि ‘मध्यम’ ही विशेषणे बोलभाषेतील नव्हेत. बोलणारी मराठी वेदनेची प्रत विशेषणाने क्वचितच लावते. ती क्रियापद बदलते. गुडघा दुखतो, सलतो, ठणकतो. त्यात चमक निघते, कळ मारते. तो आखडतो, धरतो. ही केवळ तीव्रतेची उतरंड नाही, प्रत्येक क्रियापदाबरोबर वेदनेची जातही बदलते. ‘आखडणे’ आणि ‘धरणे’ या सोप्या क्रियापदांच्या जागी भाषांतरकार ‘ताठरपणा’ हे भाववाचक नाम योजतो, तेव्हा ऐकणाऱ्यापुढे सांध्याऐवजी स्वभावाचे चित्र उभे राहण्याची भीती असते.

याहूनही महत्त्वाचे असे एक रूप मराठीपाशी आहे. व्याकरणकारांनी त्याला शक्य क्रियापद म्हटले आहे: ‘मला उठवत नाही’, ‘तिला चालवत नाही’, ‘त्यांच्याने बसवत नाही’. या रूपाचा अर्थ नीट वेगळा करून पाहावा. ‘मी उठत नाही’ यात इच्छेचा अभाव संभवतो. ‘मी उठू शकत नाही’ यात असामर्थ्य आहे, परंतु ते सवडीचे, परवानगीचे वा परिस्थितीचेही असू शकते. सभा चालू असल्यामुळेही मनुष्य उठू शकत नाही. ‘मला उठवत नाही’ यात मात्र इच्छा आहे, सवड आहे, आणि तरी देह ऐकत नाही. कर्ता चतुर्थीत वा तृतीयेत जाऊन क्रियेवरील आपले स्वामित्व सोडून देतो. गुडघ्याच्या विकाराने येणारी अक्षमता इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे रूप या भाषेत नाही. विदर्भाच्या बोलण्यात हाच आशय “माझ्याच्यानं उठनं होत नाही” अशा रचनेतूनही व्यक्त होतो. रचना निराळी, विवेक तोच.

कोरियन भाषेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. त्या भाषेत क्रियापदापूर्वी येणारी दोन नकारवाचक अव्यये आहेत. ‘आन्’ या अव्ययाने क्रिया घडत नाही वा केली जात नाही एवढाच बोध होतो. ‘मोत्’ या अव्ययाने ती करणे शक्य होत नाही असा बोध होतो. नुसता नकार आणि असामर्थ्य यांतील भेद तेथे रोजच्या वाक्यातच रुजलेला आहे. मराठीतही तो भेद आहे, केवळ तो अव्ययात नसून क्रियापदाच्या रूपात आहे. म्हणून भाषांतरात तो हरवणे सोपे जाते.

हा भेद हरवल्याने काय बिघडते? “आजी, तुम्ही उकिडवे बसू शकता काय?” या प्रश्नाला “बसतो ना. बसल्याबिगर कसं होईल?” हे उत्तर अपेक्षितच आहे. चूल आहे, भांडी आहेत, शौचाची गरज आहे. न बसून सांगणार कोणाला? तेथे खूण ‘अडचण नाही’ वर पडते. परंतु बसवते की नाही असे विचारले तर जे वाक्य निघेल ते या सर्व विषयाचे सार आहे: “बसवत नाही, पण बसावं लागते.” पहिल्या अर्ध्या भागात असामर्थ्य आहे, दुसऱ्यात अनिवार्यता. कष्टकरी वृद्धेच्या गुडघ्याची अवस्था या दोन भागांच्या मध्ये आहे, आणि प्रचलित प्रश्नावलीत त्या मधल्या अवस्थेसाठी चौकट नाही. जो काम सोडू शकतो त्याची अक्षमता मोजली जाते. ज्याला काम सोडता येत नाही त्याची अक्षमता क्षमता म्हणून नोंदली जाते. आकड्यातील हा दोष यादृच्छिक नव्हे. तो गरिबांच्या आणि स्त्रियांच्या विरुद्ध बाजूस सातत्याने झुकणारा आहे.

यावर असे म्हटले जाईल की, अशा चुका टाळण्यासाठीच प्रत्यनुवादाची पद्धत आहे. मूळ इंग्रजी संहिता एकाने मराठीत आणावी, दुसऱ्याने ती मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यावी आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत, अशी ती रीत होय. ती उपयुक्त आहे. ढोबळ चुका तिने पकडल्या जातात. परंतु ‘बसू शकत नाही’ आणि ‘बसवत नाही’ या दोन्ही वाक्यांचा प्रत्यनुवाद इंग्रजीत बहुधा एकच होतो. जो भेद मूळ भाषेच्या व्याकरणात नाही तो मूळ भाषेत परत जाऊन कसा दिसावा? ही पद्धत भाषांतर इंग्रजीशी एकनिष्ठ आहे की नाही हे सांगते. ते मराठीशी एकनिष्ठ आहे की नाही हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

७

दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की, प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र प्रश्न रचू लागल्यास गोरेगाव आणि चुंचॉन यांची तुलनाच अशक्य होईल. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु तुलनेसाठी वाक्ये समान असण्याची गरज नाही. वाक्यांनी मोजलेली गोष्ट समान असावी लागते. टबातून बाहेर येणे आणि चुलीपुढून उठणे या क्रिया भिन्न आहेत. पण गुडघा पूर्ण वाकवून त्यावर देहाचा भार उचलणे हे दोहोंत थोडेबहुत समान आहे. तुलना त्या पातळीवर व्हावी. वाक्यांचे शब्दशः साम्य राखून अर्थाचे वैषम्य पत्करणे ही शास्त्रीयता नव्हे.

दुसरा आक्षेप शक्य क्रियापदाच्या स्वरूपावर घेता येईल, आणि तो व्याकरणाचा असल्यामुळे त्याची दखल येथे विशेष अगत्याने घ्यावयास हवी. हे रूप मुख्यत्वे नकारात्मक वाक्यातच जिवंत आहे. होकारार्थी ‘तिला बसवते’ हे वाक्य ‘तिला बसणे शक्य होते’ असेही वाचता येते आणि ‘ती दुसऱ्या कोणाला बसवते’ असेही. कारण प्रयोजक क्रियापदाचे रूप तेच आहे. छापील प्रश्नात हा संदेह राहू नये म्हणून प्रश्न नकारातूनच रचावा लागेल: “उकिडवे बसवत नाही असे होते काय?” असा नकारगर्भ प्रश्न प्रश्नावलीच्या शास्त्रात सामान्यतः वर्ज्य मानतात. ते इंग्रजीच्या बाबतीत योग्यच असेल. मराठीत मात्र ‘होतं ना’ आणि ‘तसं काही होत नाही’ ही दोन उत्तरे निःसंदिग्ध मिळतात. जेथे नियम आणि भाषेची प्रकृती यांत विरोध येईल तेथे प्रथम नियमाची तपासणी व्हावी.

येथे काळाचाही एक मुद्दा नोंदवणे अवश्य आहे. मागील ४८ तासांची मुदत दवाखान्यात येणाऱ्या रोग्यासाठी योग्य आहे. भाताच्या मुलखात वर्षाचे दिवस सारखे नसतात. रोवणीच्या दिवसांत विचारलेल्या प्रश्नाचे आणि उन्हाळ्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकाच व्यक्तीकडून भिन्न येणे स्वाभाविक आहे. तेव्हा पाहणीचा महिना हा आकड्याचाच एक भाग समजावा.

८

वरील विवेचनावरून विकाराचे खरे प्रमाण किती हे सांगण्याचा अधिकार भाषाशास्त्राला प्राप्त होत नाही, आणि तसा दावाही नाही. भाषाशास्त्र एवढेच सांगू शकते की, आकड्याच्या मुळाशी असलेले वाक्य कोठे दुभंगते. त्या दृष्टीने मराठी मुलखात, विशेषतः पूर्व विदर्भात, यापुढे होणाऱ्या पाहण्यांसाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, अवयव शब्दाने न विचारता आकृतीवर दाखवून घ्यावा, आणि शब्द वापरावयाचाच झाल्यास ‘गुडघा’ व ‘टोंगळा’ हे दोन्ही वापरावेत. दुसरी, ‘दुखणे’, ‘आजार’ आणि ‘त्रास’ हे शब्द पर्यायी समजू नयेत. तिन्हींविषयी स्वतंत्र प्रश्न असावेत. तिसरी, तीव्रता विशेषणांनी न मोजता क्रियापदांनी आणि परिणामांनी मोजावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक क्रियेविषयी दोन प्रश्न जोडीने विचारावेत: “बसवत नाही असे होते काय?” आणि “बसवत नसतानाही बसावे लागते काय?” या दुसऱ्या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर आज कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

या कामासाठी वैद्यकाचा आणि भाषेचा अभ्यासक एकत्र बसणे आवश्यक आहे. गोंदिया जिल्ह्यातील बोलींचे शरीरविषयक व वेदनाविषयक शब्द, आणि त्यांहून अधिक, त्यांची क्रियापदरूपे एकत्र करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेता येण्यासारखा, मर्यादित आणि फलदायी विषय आहे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची जरूर नाही. रोवणी आटोपल्यावर बांधाच्या धुऱ्यावर बसून ऐकण्याची तयारी तेवढी हवी. कोरियातील वृद्धांचे गुडघे किती टक्के झिजले हे आपणास दशांश चिन्हापर्यंत ठाऊक आहे. आपल्या शेजारच्या बांधीत ओणव्या झालेल्या वृद्धेला उठवते की नाही, हे विचारण्याचे वाक्य अद्याप आपण तयार केलेले नाही. ते तयार करणे हे मराठीच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाच्याने होणारे नाही.